काच-सफाईच्या कामाला गाडी कोणती घ्यावी? आधी पाण्याचं ठरवा

रत्नागिरीतल्या एका तरुणाचा प्रश्न असा आहे: "वर्षभर स्कूटरवर बादली, वायपर आणि घडीची शिडी घेऊन शहरातल्या दुकानांच्या काचा साफ करतोय. आता गणपतीपुळे, पावस, जयगड या बाजूचे बंगले आणि रिसॉर्टं मिळायला लागली आहेत. सोबत एक मदतनीस आहे. साडेतीन लाखांपर्यंत घालू शकतो. जुनी ओम्नी, जुनी इको की जुना छोटा हत्ती (टाटा एस)? ओळखीचे सगळे छोटा हत्तीच घे म्हणतात, काम नसेल तेव्हा भाड्यालाही चालेल म्हणून."

मी गुहागर तालुक्यात राहतो आणि हेच काम करतो. दाभोळच्या फेरीबोटीनं खाडी ओलांडून दापोलीकडे आणि तवसाळ-जयगडच्या फेरीबोटीनं तुमच्या बाजूला, अशी माझी कामं पसरलेली आहेत. तिन्ही प्रकारच्या गाड्यांतून मी हे काम केलं आहे. त्यामुळे लांबलचक लिहितोय, सवडीनं वाचा.

तुम्ही तीन गाड्यांची नावं घेतलीत, पण तुमच्या प्रश्नातली खरी बातमी वेगळी आहे. तुमचं काम शहरातून किनाऱ्यावर सरकतंय. शहरात रामआळीतल्या दुकानाच्या काचेवर धूळ आणि हाताचे डाग असतात. अर्धी बादली पाणी आणि दोन फडक्यांत ती चकचकीत होते. आरे-वारेच्या किनाऱ्याच्या वरच्या अंगाला समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या बंगल्याच्या काचेवर खाऱ्या वाऱ्यानं आणलेला मिठाचा थर असतो, त्यात वाळूचे कण आणि जांभ्याची तांबडी धूळ बसलेली असते. ती काच कोरडी किंवा अर्धवट ओली करून घासली तर वाळू काचेवर ओरखडे काढते आणि ते ओरखडे संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मालकाला दिसतातच. म्हणून किनाऱ्यावर आधी काच भरपूर गोड्या पाण्यानं धुवायची, मीठ-वाळू वाहून घालवायची आणि मगच साबणाचा हात लावायचा. दुकानाला जेवढं पाणी लागतं त्याच्या कितीतरी पट पाणी इथे लागतं. हे पाणी कुठून येणार, हा तुमच्या गाडीचा पहिला प्रश्न.

"बंगल्यात नळ असतोच की," असं वाटतं. असतो, पण बरेच बंगले मुंबई-पुण्याच्या लोकांचे. वर्षातले बरेच दिवस बंद. पंप बंद, वरची टाकी रिकामी, चावी राखण करणाऱ्या काकांकडे आणि काका आंब्याच्या कामाला बागेत. एप्रिल-मे मध्ये विहीर तळाला गेलेली असते. किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचं पाणी त्या दिवसांत मचूळ होतं. रिसॉर्टवाला टँकरचं पाणी विकत घेत असतो, तो ते काचांना ओतू देणार नाही आणि त्याचं चुकतही नाही. शिवाय मचूळ पाण्यानं धुतलेली काच वाळली की पांढरे ठिपके उमटतात. म्हणजे ऐन हंगामात, मे महिन्यात, जेव्हा गिऱ्हाईक सगळ्यांत जास्त बोलावतं, तेव्हाच तिथलं पाणी सगळ्यांत वाईट असतं. तेव्हा आपलं पाणी आपण घेऊन जायचं, हे धरून चाला.

किती पाणी न्यायचं, हे तुम्ही कसं काम करता त्यावर आहे. बादली-वायपरनं करत असाल तर दुमजली साध्या बंगल्याला धुणं-पुसणं धरून साठ-सत्तर लिटर मला पुरतं. पुढेमागे शुद्ध पाण्याच्या लांब दांड्याच्या ब्रशनं काम करायचं मनात असेल, म्हणजे शिडी न लावता खालूनच पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या काचा धुवायच्या आणि तशाच वाळू द्यायच्या, तर मिनिटाला लिटर-दीड लिटर पाणी जातं. तासभर नळी चालू राहिली की साठ ते नव्वद लिटर संपले. त्या पद्धतीला पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, जवळजवळ शून्य लागतो, दहाच्या आतच हवा. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी त्यासाठी चालत नाही. ते पिण्यासाठी बनवलेलं असतं, त्यात क्षार मुद्दाम थोडे ठेवलेले असतात. वेगळा आरओ आणि त्याच्या पुढे उरलेसुरले क्षार शोषून घेणारा डीआय रेझिनचा सिलिंडर लावावा लागतो. हे सगळं गाडीत बसवायची गरज नाही. घरीच रात्री संथपणे पाणी तयार करून मोठ्या टाकीत साठवायचं आणि सकाळी गाडीतल्या टाकीत उतरवायचं. गाडीत फक्त टाकी, पंप, बॅटरी आणि नळीची रीळ. गाडी हलकी राहते आणि खड्ड्यांनी आरओच्या जोडण्या सैल होत नाहीत.

आता वजन. एक लिटर म्हणजे एक किलो, हे सगळ्यांना माहीत असतं पण टाकी विकत घेताना कुणाच्या लक्षात राहत नाही. दोनशे लिटरची टाकी धरू. पाणी २०० किलो. टाकी आणि तिची लोखंडी चौकट ३० किलो. पंप, बॅटरी, रीळ, नळी मिळून ३५. दोन शिड्या आणि दांडे ३०. बादल्या, साबण, फडकी, किरकोळ १५. तुम्ही आणि मदतनीस १४०. बेरीज ४५० किलो. मालवाहू गाडीच्या आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि माल भरल्यावरचं कमाल वजन, असे दोन्ही आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा करा. येणाऱ्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांत तुमचं सगळं बसलं पाहिजे. शंभर टक्के भरून हातखंब्याकडचा चढ रोज चढायचा नाही. क्लच आणि मागच्या स्प्रिंगा त्याची किंमत वसूल करतात.

या हिशेबात ओम्नी बाद होते. गाडी चांगली होती, मी तिच्यातूनच बरीच कामं केली आणि तिची दुरुस्ती आजही कुठल्याही वाडीतला मेकॅनिक करून देतो. पण ७९६ सीसीचं इंजिन, त्यात दोन माणसं आणि दोनशे लिटर पाणी, हे किनाऱ्यावरच्या खड्या चढांना जड जातं. आणि २०१९ मध्ये ती बनायची बंद झाली. म्हणजे आता मिळणारी प्रत्येक ओम्नी तितकी वर्षं खारी हवा खाऊन बसलेली. बादली-वायपर एवढंच काम ठेवणार असाल, पाणी चाळीस-पन्नास लिटरच्या कॅनमधून नेणार असाल आणि पत्रा खरोखर चांगला असलेली एखादी मिळाली, तर दोन वर्षं काढायला हरकत नाही. तुमचा विचार वाढायचा दिसतो, म्हणून मी ती सुचवणार नाही.

छोट्या हत्तीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण तुमच्या ओळखीच्यांचं म्हणणं वरवर पाहता बरोबर आहे. टाटा एस २००५ मध्ये आली आणि कोकणातल्या किती घरांचं तिच्यावर चाललं आहे हे आपण रोज बघतो. वजनाला ती इकोपेक्षा सरस. दोनशेपेक्षा मोठी टाकी ठेवली तरी तक्रार नाही. पण हौदा उघडा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे पाऊस कसा असतो ते सांगायला नको. फडकी ओली, पंपाच्या वायरी ओल्या, बॅटरी ताडपत्रीखाली. वरून बंद बॉडी बांधून घ्यायची तर वेगळा खर्च, गाडी उंच होते आणि वाडीतल्या फणसाच्या फांद्यांना घासते. रिकामी असताना ती उसळते, आणि आपलं परतीचं येणं बहुतेक रिकाम्या टाकीनिशीच असतं. पुढे जागा दोघांचीच. उद्या तिसरा माणूस घेतलात तर तो स्कूटरवर मागून येणार.

भाड्याचं म्हणाल, तर ते मनातून काढून टाका असं मी कळकळीनं सांगेन. टाकी, रीळ, पंप एकदा चौकटीत घट्ट बसवले की ते रोज काढून माल भरता येत नाही. आणि काढलेत तरी चिरे, सिमेंट किंवा मासळीचं भाडं मारून आलेल्या हौद्यात दुसऱ्या दिवशी तुमची पांढरी मायक्रोफायबर फडकी ठेवायची आहेत. सिमेंटची भुकटी फडक्यात गेली की काच गेली. बंगल्याच्या फाटकाशी गाडी उभी राहते तेव्हा मालक आधी गाडी बघतो, मग तुम्हाला. मासळीचा वास येणारा हौदा बघून तो तुम्हाला पांढऱ्या पडद्यांच्या दिवाणखान्यात सोडायला कचरतो. छोटा हत्ती मी एकाच परिस्थितीत घ्यायला सांगेन: काचांसोबत अंगणातल्या फरश्या, कौलं, जांभ्याच्या भिंती प्रेशर मशिननं धुणं आणि सौर पॅनल धुणं हे तुमचं मुख्य काम होणार असेल तर. त्या कामाला पाणी अफाट लागतं, तिथे इको पुरत नाही.

राहिली इको. २०१० पासूनची गाडी, १२०० सीसीच्या आसपासचं पेट्रोल इंजिन, सीएनजीतही मिळते. इंजिन पुढच्या सीटखाली आणि ताकद मागच्या चाकांना. ही शेवटची गोष्ट आपल्याकडे फार कामाची आहे. ऑगस्टमध्ये शेवाळ धरलेल्या सिमेंटच्या उतारावरून वर यायचं असतं, तेव्हा मागच्या चाकांवर वजन असलेली गाडी पकड धरते. चारही बाजूंनी बंद, सामान कोरडं, कुलूप लागतं. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे असल्यामुळे चिऱ्यांच्या गडग्याला टेकून उभी केली तरी दार उघडतं. वाडीच्या रस्त्याला ज्यानं कधी बाहेर उघडणाऱ्या दाराच्या गाडीतून शिडी बाहेर काढली आहे त्याला याचं मोल कळेल. उणीव म्हणजे जमिनीपासून उंची फारशी नाही आणि सीएनजीची टाकी मागची जागा खाते. तुम्हाला पाण्याची टाकी बसवायची आहे, म्हणून सीएनजीची घेण्याआधी मागची मोकळी जागा टेपनं मोजा. रोजचं अंतर मोठं असेल तर गॅसमध्ये पैसे वाचतात. तुमचं बरंचसं काम रत्नागिरी तालुक्यातच असेल तर साधी पेट्रोल बरी.

म्हणून माझं उत्तर: जुनी इको कार्गो (इकोचा मालवाहू प्रकार), दोनशे लिटरची टाकी, आणि स्कूटर विकू नका. रामआळीत आणि मारुती मंदिरच्या गर्दीत इको उभी करायला जागा शोधत फिरण्यापेक्षा स्कूटरवरून तीन दुकानं उरकून होतात.

आता ज्यावर खरे पैसे वाचतात किंवा बुडतात तो भाग. गंज.

किनाऱ्यावरची जुनी गाडी बाहेरून कधीच कळत नाही. विकणारा रंग काढून आणतो, रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. खिशात एक लहान लोहचुंबक ठेवा. चाकांवरच्या कमानी, दरवाज्यांच्या खालच्या कडा, मागच्या दाराचा खालचा पट्टा, इथे चुंबक लावत जा. जिथे तो पकडत नाही तिथे पत्र्याच्या जागी लांबी आहे. मग सरकता दरवाजा पूर्ण उघडा आणि खालच्या पन्हळीत बोट फिरवा. वाळू, वाळलेली पानं आणि तपकिरी पूड हाताला लागली तर रबरी चटई उचलायला सांगा. चटईखालची जमीन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. कुजलेला बद्द आवाज देतो आणि कधीकधी मूठ आतच जाते. जॅक लावायच्या जागा, मागच्या स्प्रिंगांच्या बैठका, ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या बारीक नळ्या हे खालून टॉर्च मारून बघा. बाजूच्या पत्र्याला वेल्डिंगचा डाग देता येतो. स्प्रिंगच्या बैठकीपाशी गंज असेल तर कितीही स्वस्त असली तरी ती गाडी सोडून द्या, कारण तुम्ही त्याच जागेवर रोज साडेचारशे किलो ठेवणार आहात.

मी तर सांगेन की गाडी घाटावरची शोधा. कोल्हापूर, कऱ्हाड, सातारा. आंबा घाट उतरला की आपण, फार लांब नाही. तिकडच्या गाडीचं इंजिन चाललेलं असेल, पण पत्रा शाबूत असतो. इंजिन दुरुस्त होतं, कुजलेली बॉडी नाही. चिपळूणची गाडी असेल तर एक जास्तीची तपासणी करा. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथल्या असंख्य गाड्या बुडाल्या होत्या आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. त्याआधीची गाडी असेल तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. आतल्या टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ असते, तिथपर्यंत धुणाऱ्याचा हात सहसा पोचत नाही. सीटचे रूळ आणि डॅशबोर्डखालचे वायरींचे कनेक्टरही बघा.

गाडी हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे ती कोरडी, स्वच्छ करून खालून अंडरकोटिंग, म्हणजे गंज रोखणारा लेप. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर मारलेलं कोटिंग ओल आत कोंडून ठेवतं, त्यापेक्षा न मारलेलं बरं. आत जमिनीवर पूर्ण रबर चिकटवू नका. आपल्या कामात पाणी सांडणारच, ते खाली अडकून बसतं. रंग मारलेलं मरीन प्लाय पट्ट्यांवर उचलून बसवा, खालून हवा खेळू द्या, पाणी निघायची भोकं उघडी ठेवा. ॲल्युमिनियमचा नक्षीदार पत्रा दिसायला छान, पण ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्यामध्ये खारं पाणी अडकलं की ॲल्युमिनियम खात जातं. कॅरिअरवर शिडी ठेवतानाही याच कारणासाठी मध्ये रबराचे तुकडे टाका.

फेरीबोटीचा विषय निघाला म्हणून सांगतो. तुम्ही जयगडपर्यंत आलात म्हणजे आज ना उद्या तवसाळला उतरणार. फेरीचं तिकीट गाडीच्या आकारावर असतं, इको आणि टेम्पो यात फरक पडतो आणि वर्षाचा हिशेब केला तर तो जाणवतो. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त खडा होतो आणि चाकं समुद्राच्या पाण्यातून जातात. बोटीच्या फळीवर चढताना मागे लटकलेली टाकी किंवा खाली घेतलेली चौकट घासते. म्हणून टाकी मागच्या दारापाशी ठेवायची नाही. पुढच्या सीटच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे, जितकी खाली बसेल तितकी खाली. आणि ज्या दिवशी फेरीनं गेलात त्या दिवशी घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवायचीच. तुमच्याकडे पंप आणि नळी आहे, पाच मिनिटांचं काम आहे.

टाकी घेताना आतून आडव्या पडद्या असलेली घ्या किंवा दोनशेच्या एका टाकीऐवजी शंभराच्या दोन घ्या. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. आरे-वारेच्या वळणावर ब्रेक मारलात की ते शंभर किलो पाणी पुढे धावतं, वळलात की बाजूला. दोन टाक्या असल्या की एक पूर्ण संपवून मगच दुसरी उघडायची. चौकट बोल्टनं चॅसिसच्या आडव्या पट्टीला, मध्ये जाड लोखंडी प्लेट देऊन आवळा. पत्र्याला स्क्रू मारून बसवलेली टाकी अपघातात थेट तुमच्या पाठीवर येते. हे काम गाडीच्या बॉडी-बिल्डरकडूनच करून घ्या.

गाडी बंगल्याच्या दारापर्यंत जाईलच असं समजू नका. आपल्याकडे शेवटचे शंभर-दोनशे फूट बहुतेक वेळा पाखाडीचे, म्हणजे दगडी पायवाटेचे, असतात. रस्ता वर, घर खाली माडांत. तिथे मोठी गाडी काही कामाची नाही, लांब नळी कामाची. पन्नास-साठ मीटरची नळी आणि चांगली रीळ यावर केलेला खर्च मला गाडीवरच्या खर्चाइतकाच महत्त्वाचा वाटतो. गिऱ्हाइकाकडे पहिल्यांदा बघायला जाताना स्कूटरनं जा. फाटकाची रुंदी, वळवायला जागा, चढ आणि वरून गेलेल्या विजेच्या तारा हे चारही बघून या.

तारांबद्दल हात जोडून सांगतो. वाड्यांमध्ये खांबावरून घराकडे गेलेल्या तारा कधीकधी फार खाली लोंबतात. ॲल्युमिनियमची शिडी गाडीवरून उतरवताना उभी करायची नाही, आडवीच उतरवायची आणि तारेपासून लांब नेऊन मग उभी करायची. कार्बन फायबरचा लांब दांडाही वीज वाहून नेतो, तो लोखंडी नाही म्हणून सुरक्षित समजू नका. मदतनिसाला हे पहिल्याच दिवशी शिकवा आणि तो करतो का ते बघत राहा. शिडी टपावर पुढून आणि मागून, दोन्हीकडे रॅचेट पट्ट्यानं आवळा. इकोची लांबी साधारण बारा फूट आहे, त्या मापात बसणारी घडीची शिडी घ्या म्हणजे मागे काही लोंबणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. इको कार्गो ही मालवाहू गाडी म्हणून पासिंग होते, पिवळी पाटी, ठरावीक मुदतीनं फिटनेस आणि व्यावसायिक विमा. एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला वेगळं परमिट लागत नाही. तुमच्याकडे साधं हलक्या वाहनाचं लायसन्स असेल तर साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहतुकीच्या गाडीला ते चालतं, सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. पांढऱ्या पाटीची खासगी पाच सीटर इको स्वस्तात घेऊन मागची सीट काढून टाकी बसवायचा सल्ला बरेच जण देतील. तो ऐकू नका. परवानगीशिवाय गाडीच्या रचनेत बदल केला आणि धंद्याला वापरली की अपघाताच्या वेळी विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. विमा घेताना गाडीत पाण्याची टाकी आणि यंत्रं बसवली आहेत हे लेखी कळवा. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० विकणाऱ्याच्या सह्यांनिशी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधी.

इलेक्ट्रिकचं तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. शहरापुरती चांगली आहे. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात वीज कशी जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडाकडची कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. चढावर पाण्याचं वजन घेऊन दिवसभर फिरणाऱ्या धंद्याची एकुलती एक गाडी म्हणून मी आज ती घेणार नाही.

साडेतीन लाखांतले अडीचपेक्षा जास्त गाडीत घालू नका. टायर, बॅटरी, ब्रेक, अंडरकोटिंग आणि मालकी बदल-विमा यांना वेगळे काढून ठेवा, उरलेल्यात टाक्या, पंप, रीळ. शुद्ध पाण्याचा आरओ आणि लांब दांडा पहिल्या वर्षी घेऊच नका. रत्नागिरी शहराच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस मीटरनं मोजा, मीटर काही शे रुपयांत मिळतो. ते पाणी बऱ्यापैकी मऊ निघालं तर टाकीत तेच भरून वायपरनं काम करा. गिऱ्हाईक बांधलं गेलं की पुढचं घेता येईल.

आणि गाडी बघायला जमल्यास पावसातच जा. जुलैत लोक गाडी घेत नाहीत, भाव थोडा खाली येतो आणि छताची, दाराच्या रबराची गळती लपवता येत नाही. चालवून बघताना पाण्याचे पाच-सहा कॅन सोबत न्या आणि मदतनिसालाही बसवा. चढावर मध्येच गाडी थांबवा, हँडब्रेक ओढा आणि तिथूनच पहिल्या गिअरवर उचला. मागे न सरकता, क्लच जळल्याचा वास न येता ती वर गेली तर बोलणी सुरू करा. म्हणजे गणपतीच्या आधी, चाकरमानी यायच्या पंधरवड्यात जेव्हा प्रत्येक बंगल्याला काचा धुवून हव्या असतात, तेव्हा गाडी तयार असेल.